साहेबांसाठी बुजवलेला खड्डा

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
रस्ते व मोऱ्या उपविभाग.

विषय : मौजे सोनपाट (दोंडाईच्याजवळ) येथील मोरीखालचा खड्डा माझ्या चुलीपर्यंत आल्याबाबत.
संदर्भ : खड्डा नाही असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

मी रस्त्याखालच्या मोरीला लागून असलेल्या घरात राहते. आपल्या पत्रात "मोरीलगत जमिनीची झीज आढळली नाही, तथापि भविष्यात आढळल्यास भुसभुशीत माती, अतिवृष्टी व शेळ्या ही कारणे समजावीत" असे नमूद आहे. गुन्ह्याआधीच आरोपी धरल्याबद्दल आपले अभिनंदन. माझ्या दोन्ही शेळ्यांना पत्र वाचून दाखवले.

२) आपल्याला खड्डा दिसला नाही हे मात्र खरे, आणि त्यात चूक आमचीच. गेल्या हिवाळ्यात आपण येणार म्हणून सरपंच नवलभाऊंनी "पाव्हना येतस, बठ्ठं बुजी टाका" असा सगळंच बुजवायचा हुकूम सोडला. गावाने मुरूम ओतून खड्डा बुजवला, वर सडा घातला. रांगोळी मीच काढली. आपण त्या रांगोळीवर उभे राहून पाहणी केली आणि माझ्याच ओट्यावर बसून भरीत-पुऱ्या खाल्ल्या. हसावं की रडावं, साहेब!

३) यंदाच्या पहिल्याच पुरात मुरूम, सडा, रांगोळी सगळे तापीमाईकडे गेले. कारणे विचाराल तर, नकाशात तीन नळ्या आहेत, नाल्यात एकच घातली. तिघींचे पाणी एकटीच्या तोंडातून सुसाट येते आणि हातभर उंचीवरून आदळते. खाली दगड बसवायचे होते, ते बसलेच नाहीत. माझी न्हाणी मागच्या आठवड्यात वाहून गेली. आता स्वयंपाकघराच्या भिंतीखाली माती नाही. मला फार भीती वाटते. पाऊस लागला की मी शेळ्या घेऊन देवळात जाऊन बसते.

४) तरी राहिलेल्या दोन नळ्या घालून खाली दगड बसवावेत, ही विनंती. पुन्हा पाहणीच करायची असेल तर कृपया कळवून येऊ नये. कळवलेत की गाव पुन्हा खड्डा बुजवील, आणि मेली मीही रांगोळी काढीन. चातुर्मास असल्याने वांगे मिळणार नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नक्की. या खेपेला ताट ओट्यावर नाही, स्वयंपाकघरात वाढीन, आणि साहेबांचा पाट त्या भिंतीलगतच मांडीन.

आपली, भिंत आहे तोवर याच पत्त्यावरची,
(सही)
बेबाबाई प्रेमराज पाटील
दि. २२ जुलै २०२५

सोबत : न्हाणीचा फोटो (न्हाणी असतानाचा).