लाईसची वरात

कांपिना ग्रांदे,
२५ जून २०१९

प्रिय जिल्वाताई,

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुम्ही तिकडे साओ पावलोच्या थंडीत कुडकुडत असाल. फोनवर तू "सगळं बरं ना?" एवढं विचारून ठेवून देतेस, म्हणून म्हटलं, आता लिहूनच कळवावं.

आधी मोठी बातमी. परवा संत जुआंवच्या सणात आपल्या लाईसचं लग्न लागलं. उपचार केंद्रातल्या आम्हा आयांनीच यंदा नाच बसवला होता, आणि नाचात ते लुटुपुटीचं लग्न असतं ना, त्यातली नवरी माझी साडेतीन वर्षांची लाईस. तिच्या चाकाच्या खुर्चीला मी फुलाफुलांच्या चिटाची झालर लावली. वेण्यांना फिती, डोळ्यांवर नवा चष्मा. नवरा म्हणजे केंद्रातलाच कायकी, तिच्याच वर्षी तिच्यासारखाच जन्मलेला.

नवरीचा बाप लाकडी बंदूक दाखवून नवऱ्याला मांडवात आणतो, तो मान खऱ्या बापाचाच, आमच्या दामियांवचा. तो पोचला तर नवरा खुर्चीत घोरतोय.

"लग्नाआधीच झोपला," दामियांव माइकवर म्हणाला. "माझ्या पोरीनं काय पाहिलं याच्यात?"

कायकीची आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चष्मा तुमच्या पोरीला आहे, तिलाच विचारा."

लोक पोट धरधरून हसले.

तेवढ्यात शेजारीच अकॉर्डियन सुरू झाला. मोठा आवाज झाला की लाईस दचकते, ताठ होते, कधी झटकाही येतो. मी धावले. तर ती वाजवणाऱ्याकडे मान वळवून हसत होती. नुसतं तोंड हसरं नाही ताई, आवाज करून, खळखळून. तिचं हसणं मी आजवर पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं. वाजवणारे आजोबा तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहिले आणि ती दर वेळी हसत राहिली. दामियांव बंदूक काखेत धरून सगळ्यांसमोर रडला.

आता दुसरी बातमी. ती कशी सांगू या विचारातच वरचं एवढं लिहून झालं. मला दिवस गेलेत. चौथा महिना संपत आला.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीत बाळाचं डोकं मापून दाखवलं. वाढ महिन्याला धरून आहे. लाईसच्या वेळचा तो डासांचा ताप एकदा होऊन गेला की सहसा परत होत नाही म्हणाल्या, पण शब्द देत नाही, तपासण्या चुकवू नकोस. भीती आहेच. दामियांव टाक्या झाकतो, कुंड्या उपड्या करतो. शेजारच्या कुत्र्याच्या भांड्यातलं पाणीसुद्धा ओतून आला, त्यावरून भांडण झालं.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू गप्प झाली असतीस. का, ते मला ठाऊक आहे. लाईस पोटात असताना माझ्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा तू म्हणालीस, "कोळंबी बाधली असेल, पिठाच्या पाण्यानं अंघोळ कर, जाईल." गेलंही. मग लाईस जन्मली, तिचं एवढंसं डोकं तू पाहिलंस, आणि त्यानंतर तू आलीच नाहीस. आईजवळ तू म्हणालीस म्हणे, "मी तिला दवाखान्यात पाठवायला हवं होतं."

ताई, मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले होते. तिथल्या डॉक्टरनंही ॲलर्जी म्हणून गोळी दिली. डास चावून पोटातल्या बाळाला असं होतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. हे तुला सांगायला मी कितीदा तोंड उघडलं, तू विषयच काढू दिला नाहीस. रागवायचं कुणावर, हे शोधून मी खूप दमले. त्यात तुझं नाव कधीच नव्हतं.

नोव्हेंबरअखेरीस बाळंतपण आहे. आईचे गुडघे गेलेत. मी दवाखान्यात असेन तेव्हा लाईसला कुणीतरी मान सावरून, घाई न करता भरवायला हवं. मी शिकवेन. मक्याची खीर तिला फार आवडते. उचलताना जपून, चांगली वजनदार झालीये तुझी भाची.

तुझ्यावर एक दिवसही न रागावलेली,
तुझी धाकटी
इव्होनेइडी