कानाखालची गाठ आणि माझा खंबीरपणा

सोमवार, ३ तारीख
घरी आलो. डाव्या कानाखालची लाळग्रंथी गाठीसकट काढली. टाके अकरा. ओठाची डावी बाजू हलत नाही. सर्जन म्हणाले, नस दुखावली आहे, येईल ताळ्यावर. गाठ तपासायला गेली आहे. रिपोर्ट शुक्रवारी. मला काही वाटत नाही. बायकोला मात्र धीर द्यायला हवा.
संकल्प: रोज दोन तास वाचन.

मंगळवार, ४, दुपार
वाचन नाही. पुस्तक धरलं की मान ओढते. मुलगी सूप अंथरुणात आणून देते. छापखान्यातून साहेबांचा फोन: पुढच्या आठवड्यात मुद्रितशोधन प्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय, तुमचंच नाव आहे, लवकर बरे व्हा. एकोणीस वर्षं वाट पाहिली! आनंदाने हसायला गेलो, सूप शर्टावर.

शुक्रवार, ७
रिपोर्ट आणायला बायको गेली. मीच जाणार होतो, पण ऊन फार. ती परतली तेव्हा मी डोळे मिटून पडलो होतो. झोप नव्हे, डोळ्यांना विश्रांती. तिने कागद फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावला. आमचे सगळे महत्त्वाचे कागद तिथेच असतात. घाईत वाचणं माझ्या पेशात बसत नाही. उद्या. चष्मा पुसून.

रविवार, ९
चष्मा पुसला. फ्रिजपाशी तीनदा गेलो, दूध प्यायला. चष्मा न लावता. मी घाबरलोय का? प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं. नाही.
पण घरातली वागणूक बदलली आहे. बायको गुणगुणते. मुलीने माझ्या ओठाची नक्कल केली आणि म्हणाली, बाबा, तू आता एकाच बाजूने रागावतोस. दोघी हसून लोळल्या. वर बायको म्हणाली, अहो, लाड पुरे, आपला कप आपण विसळा.
एवढं उसनं अवसान! म्हणजे रिपोर्ट वाईट आहे. विचारलं तर बिचारीचा बांध फुटेल. मीही हसलो. अर्धा.

सोमवार, १०
कर्तव्य आधी. साहेबांना पत्र लिहिलं: माझ्या हाती वेळ किती ते सांगता येत नाही, खुर्ची माझ्या हाताखालच्या बाईंना द्यावी. तीनदा तपासलं. शेवटच्या परिच्छेदाला मलाच रडू आलं. त्यात थोडी ऐट होती का? असेल. पाठवून दिलं. आता माघार नाही.

बुधवार, १२
टाके काढले. सर्जन म्हणाले, गाठ अगदी साधी निघाली, रिपोर्ट वाचलात ना? बायको म्हणाली, वाचलात काय, पाच दिवस फ्रिजसमोर उभे आहेत, पाठ झाला असेल. मी मान डोलावली.
बाहेर येऊन साहेबांना फोन. ते म्हणाले, पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, सगळे रडले, बाईसुद्धा. आज सकाळी रडतच खुर्चीवर बसल्या. मी म्हटलं, साहेब, मी बरा आहे. ते म्हणाले, अरे वा! मग सोमवारी या, बाईंना मदत होईल.
पत्रात एकही चूक नव्हती, असंही म्हणाले.