ताईच्या दातावरचा गुलाबी डाग

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो आहे, पेशंटच्या तोंडात बघून बघून पाठ आता तशीच राहते.) तब्येत कशी आहे हे विचारायला तोंड नाही, कारण ती मला कालच कळली, आणि तीही तुझ्याकडून नव्हे.

त्याचं असं झालं. दुसऱ्या डॉक्टरांचे अवघड स्कॅन माझ्याकडे मत द्यायला येतात, नावाशिवाय. मी आधी स्कॅन बघतो, मत लिहून पाठवतो आणि मगच सोबतचा कागद वाचतो (कागद वाचून निदान करणारे वेगळे, असं मी चारचौघांत सांगत असतो). कालच्या स्कॅनमध्ये समोरच्या दाताचं मूळ बाहेरून पोखरलेलं होतं, वाळवीने चौकट खावी तसं. वर्षा-दोन वर्षांत एखादाच दिसणारा प्रकार! मी खूश. रंगात येऊन लिहिलं, की लहानपणी दाताला मार बसला असणार. वर्षानुवर्षं काही कळत नाही, मग हिरडीजवळ गुलाबी डाग दिसतो. आणि तो बघूनही ज्या गाढवाने साधा एक्स-रे काढला नाही, त्याच्यामुळे मूळ इतकं गेलं. मग कागद वाचला. अकराव्या वर्षी जिन्यावरून पडल्या. दोन वर्षांपूर्वी दातांचा डॉक्टर असलेल्या धाकट्या भावाने डाग लिपस्टिकचा असल्याचं सांगितलं. भाऊ "काही नाही" म्हणाला, म्हणून उपचारांना तयार नाहीत.

ताई, जिना कुठला गं? आंघोळीला पहिला नंबर लागावा म्हणून मी दार आपटलं, ते तुझ्या तोंडावर बसलं. मला मार पडू नये म्हणून तू आईला जिना सांगितलास, आणि अजून तोच सांगतेस. घरच्यांचे दात मी जेवणानंतर खिडकीच्या उजेडात बघतो. परक्यांना मात्र एक्स-रेशिवाय हात लावत नाही. दात दुखावला मी, डाग बघितला मी, आणि तू अजून माझ्यावरच विश्वास ठेवून बसलीस. फार वाईट वाटतंय.

दात अजून वाचेल. हिरडी थोडी उघडून, पोखरलेलं खरवडून तिथे भरायचं. पण याच महिन्यात. माझं ऐकू नकोस, त्या डॉक्टरांचं ऐक.

तुझाच,
वर उल्लेख केलेला गाढव

ता. क. : इकडे आलीस तर माझे सर स्वतः करायला तयार आहेत. मी फक्त थुंकी ओढायची नळी धरीन. येशील ना?

ता. क. २ : आईला दाराचं सांगून टाकलं. म्हणाली, "माहितेय मला. जिन्यावरून पडलेली पोर दाराला कशाला लाथा घालेल?"

ता. क. ३ : तू लिपस्टिक कधीच लावत नाहीस. हे मला तेव्हाही माहीत होतं.