प्रवचनातला मायक्रोस्कोप

रविवार, संध्याकाळ. टिळकवाडी

किळस आली आज. स्वतःच्याच चर्चमध्ये बसून किळस यावी!

पाहुण्या पाळकांना प्रवचनासाठी मायक्रोस्कोप हवा होता. मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून कॉलेजातून मीच नेऊन दिला. तो उंच धरून म्हणाले, "विश्वास असाच असतो. डोळ्याला न दिसणारं दाखवतो. हे विज्ञानच आहे!" टाळ्या.

मग मार्था आक्का उठल्या. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा गेला. "पाळकसाहेब, मी रोज प्रार्थनेला बसते की. पर मला काय बी दिसंना झालंय."

"तुमचा विश्वास कमी पडतोय," पाळक हसत म्हणाले. आक्का तोंडाला पदर लावून खाली बसल्या.

विज्ञान म्हणे! माझ्या लॅबमध्ये एखाद्या पोरीला मायक्रोस्कोपमधून काही दिसलं नाही, तर मी तिच्या डोळ्याला दोष देते का? आधी आरसा फिरवते, लेन्स पुसते, स्वतः वाकून बघते. हा माणूस आक्कांसाठी जरा तरी वाकला का? येशू वाकला असता. माझाही त्याच्यावर विश्वास आहे, म्हणून तर जास्त चीड येते.

आणि तो मायक्रोस्कोप! पेटीत ठेवताना लक्षात आलं, लेन्सखाली बघायला स्लाइड नव्हतीच. मी दिली नव्हती. त्यांनी मागितलीही नव्हती.