तीन बोटांचं माप

सोमवार, २
आले एकदाची! आजपासून डॉक्टरेटचं काम सुरू. झिजलेली हिरडी आणि जबड्याचं हाड पुन्हा वाढवायचं. प्रयोगशाळा लख्ख, टेबलावर ऊन. मार्गदर्शक बाई हसतमुख, पण कामाला वाघीण. माझी अक्कलदाढ परवाच काढलीय, खड्डा अजून ताजा आहे, हे ऐकून त्यांचे डोळे चमकले. आईला कळवलं, दाढ गेली, अक्कल शाबूत आहे.

बुधवार, ४
बाई बाहेर गेल्या होत्या. मला पहिल्याच आठवड्यात नाव काढायची घाई. फ्रिजमध्ये त्यांच्या अक्षरातल्या दोन बाटल्या होत्या. एकीवर ‘वाढ’, दुसरीवर ‘थांब’. दुसरी इतक्यात वापरायची नसणार, म्हणून तिला हात लावला नाही. ‘वाढ’चे चार थेंब माझ्याच खड्ड्यात सोडले. आता रोज माप घ्यायचं. उभी तीन बोटं आत गेली की तोंड नीट उघडतंय. गेली.

शनिवार, ७
खड्डा भरला! जिभेला टणक लागतं. बाईंनी रागवायचं सोडून पाठ थोपटली. बोटं मात्र दोनच गेली. सूज असेल.

रविवार, ८
दीड बोट. ‘थांब’ला हात लावला नाही असं बाईंना सांगितलं, तर त्यांनी ती बाटली काढून दाखवली. ती सूचना नव्हती, औषध होतं. वाढ थांबवणारं. चोवीस तासांत घालायचं होतं. आता उपयोग नाही म्हणे. मी रडले, सर्जनकडे न्या म्हणून हात जोडले. त्या म्हणाल्या, अशी वाढ आजवर कुणात दिसली नाही, शुक्रवारपर्यंत कळ काढ. संसर्ग नको म्हणून शेजारच्या खोलीत ठेवलंय. कडी बाहेरून आहे.

मंगळवार, १०
एक बोट. वरचं हाड खालच्याला भिडतंय. दूध नळीने. दार बडवून हात सुजले. माझा फोन बाईंकडे. आईशी त्याच बोलल्या, दाराबाहेर. प्रबंधात बुडालीय, तोंड उघडायला फुरसत नाही. स्पीकरवर आईचं हसू ऐकलं. मी जीव खाऊन ओरडले. नुसतं हं —

गुरुवार, १२
करंगळी. शेवटची फट बुजू नये म्हणून आतच ठेवली. आता निघत नाही. हिरडी तिच्याभोवती — डाव्या हाताने लिहितेय. खूप भीती वाटतेय, आई.

शुक्रवार
बाई आल्या. फूटपट्टी, फोटो. खूश. सर्जन पुढच्या शुक्रवारी म्हणे.
हिरडी मनगटापर्यंत. ओली, ऊबदार. वर ओठावरही —
डावा हात तोंडाजवळ न्यायचा नाही. न्यायचा नाही. पण नाक बुजतंय, एकच भोक उरलंय, ते उघडं ठेवायला बोट —