मिळेल त्या भावाने

प्रिय खिडकीवाल्या मित्रास,

मी, खाली सही करणारा, बाजारात ‘तोफ’ या नावाने परिचित, वय वर्षे एक्क्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, पेशा शेअर बाजाराच्या रिंगणात पुकारा करणे, हल्ली निवृत्त, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देतो की माझी प्रकृती उत्तम असून आवाज अद्याप शाबूत आहे. काल दुधवाल्यास हाक मारली, तर समोरच्या इमारतीतील तिघांनी ओ दिली.

नातू हल्ली मोबाइलवर शेअर घेतो-विकतो. परवा बाजार उसळला असता त्याने बटण दाबले एका भावावर आणि सौदा झाला भलत्याच भावात. फणफणत येऊन म्हणाला, “आजोबा, याला स्लिपेज म्हणतात.” मी म्हणालो, “बाळा, आम्ही याला हवा म्हणत होतो.” आणि तुझी फार आठवण झाली.

वर टेलिफोनच्या खिडकीत तू, खाली गर्दीत मी. तळहात स्वतःकडे, म्हणजे घे; बाहेर, म्हणजे वीक. त्या गोंगाटात ब्रह्मदेवाचा बाप ओरडला असता तरी ऐकू आला नसता; परंतु तुझा हात मला कधी चुकला नाही. कामावर मुका राहून तू त्याची भरपाई कॅन्टीनमध्ये करीत असायचास. चहा गार होई, तुझे तोंड गार होत नसे.

तो पडझडीचा दिवस आठवतो का? आपले गिऱ्हाईक असलेल्या शाळामास्तरांचा फोनवर निरोप होता, ‘मिळेल त्या भावाने विका.’ तुझा हात हलला तेव्हाचा भाव आणि माझा पुकारा कोणी उचलला तेव्हाचा भाव, यांत चार रुपयांची तफावत पडली. मास्तर तणतणत आले. तू नम्रपणे म्हणालास, “मास्तर, मी सांगितला तोही खरा, याला मिळाला तोही खरा. मधले चार रुपये हवेने खाल्ले.” मास्तर रागातही हसले. कापडाच्या व्यापाऱ्याने मात्र त्याच दिवशी बजावले होते, शंभराखाली विकायचे नाही. शंभर पुन्हा आलेच नाहीत. पुढे कित्येक महिने तो जिन्यात भेटला की विचारी, “आला का माझा भाव?” त्याची पाठ वळली की तू म्हणायचास, “मास्तर चार रुपयांनी बुडाले, हा चार रुपये वाचवताना बुडाला.”

आता मुद्द्याचे. वहिनींचा फोन आला होता. झटक्यानंतर तुझी वाचा गेली, उजवा हात जड झाला, आणि भेटीस येणाऱ्या प्रत्येकाला तू दारातूनच परत पाठवितोस, असे समजले. डाव्या हाताने पाटीवर लिहून दाखवितोस म्हणे, ‘बोलता येईल तेव्हा भेटू.’ गड्या, हा तर त्या कापडवाल्याचा शंभराचा भाव झाला. आपल्या वयाचा बाजार कोणासाठी थांबत नाही. मला तू मिळेल त्या भावाने हवा आहेस. रविवारी सकाळी मी तुझ्या खिडकीसमोर, पलीकडच्या फुटपाथवर उभा राहीन. डावा तळहात स्वतःकडे वळव, मी वर येतो. बाहेर दाखविलास, तरी जागा सोडणार नाही. हात हलल्यावरही भाव बदलतो, हे मी जन्मभर पाहिलेले आहे.

तुझाच,
तोफ

समक्ष हजर: नातू, ज्याने पाकिटाला तिकीट लावले, व सूनबाई, जिने शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखविल्या. त्या चुका नव्हत्या.