खाडीतली चिखलणी

चौल, मंगळवार

तीर्थरूप पद्मावन्सं यांना सुचिताचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? माझे धडधाकट आहेत, आणि सगळा घोटाळा त्यांच्यामुळेच झाला.

तुमची अनुया चार महिने माझ्याकडे राहून खाडीतल्या गवताचा अभ्यास करतेय. (हे शेवाळ नव्हे. याला मूळ, पान, फूल सगळं असतं. पान मात्र करंगळीच्या नखाएवढं. मी शेवाळ म्हटलं की पोरीला असं लागतं, जणू मी तिच्या आजीलाच नावं ठेवली.) काठच्या चिखलात दोऱ्या बांधून तिने सहा चौकोन आखलेत. गेल्या आठवड्यात तीन दिवस अलिबागला जाताना म्हणाली, "मामी, नुसती नजर ठेव." नजर ठेवली, तर एका चौकोनातलं गवत विरळ दिसलं. तिची वही उघडली. लिहिलं होतं, मुळं धरायला मऊ गाळ हवा. एवढं वाचून वही मिटली. मऊ गाळ म्हटलं की आपल्याला एकच ठाऊक, चिखलणी! ओहोटी बघून पदर खोचला, लावणीआधी भाताचं खाचर तुडवतात तसा तिथला चिखल तुडवला, आणि शेजारच्या दाट जागेतली रोपं उपटून ओळीने लावली. काठावरून शेजारचा सदा ओरडला, "काकी, खाडीत भात लावता काय? बरा हाय, शिजवताना मीठ नको!"

खरं सांगू? तुमच्या भावाला जाऊन दोन वर्षं झाली, शेत पडीक आहे. चिखलात पाय गेला आणि वाटलं, ओळीच्या पलीकडच्या टोकाला ते वाकलेत. मी मान वर केली नाही. (केली असती तर नसते दिसले.) म्हणून काम जरा जास्तच झालं.

भरती आली, तुडवलेला गाळ उठला आणि सहाही चौकोनांवर बसला. आता वहीचं पुढचं पान वाचलंय. पानांवर गाळ बसला की ऊन पोचत नाही, मुळांशी हवा राहत नाही, चिखल काळा पडून सडक्या अंड्यासारखा वास मारतो. तो वास मला अंगणापर्यंत येतो. (सदा म्हणतो, त्याला येत नाही.)

अनुया परतली आणि काठावरून एकेक चौकोन बघत गेली. मग म्हणाली, हे रेती काढणाऱ्या होड्यांचं काम, अहवालात तसंच लिहिते. मी चहा टाकला, साखर दोनदा घातली. तिने तो तसाच प्यायला आणि वर मलाच म्हणाली, "मामी, तू नको वाईट वाटून घेऊस."

होडीवाले माझे कुणी लागत नाहीत. पण जे त्यांनी केलं नाही ते त्यांच्या नावावर नको, आणि पोरीच्या अभ्यासात खोटं नको.

बाकी इकडे ठीक. औषध वेळेवर घ्या.

तुमची,
सुचिता

ता. क. : तिला तुम्ही सांगा. तोंडावर सांगणं माझ्याने होत नाही. रागावून ती निघून गेली तर मला पुन्हा एकटीपुरतं रांधावं लागेल.

आणखी ता. क. : उद्या ती माणगावला तुमच्याकडे येतेय, पत्र तिच्याच हाती देते. पाकीट उघडंच आहे. डिंक संपलाय असं तिला सांगितलंय. डिंक आहे. दुसऱ्याची पत्रं वाचायची खोड तिला कुणाकडून लागली, ते मी तुम्हाला काय सांगावं.